हात न लावलेलं पेन

सिद्धूअण्णाच्या टपरीवरच्या काचेच्या पेटीत पेनांच्या जागी लिंबं मांडलेली दिसली आणि मी चालता चालता थांबलो. बारामतीच्या मंडईच्या कोपऱ्यावर सकाळची गर्दी होती. लोक मला धक्के देत पुढे जात होते आणि मी त्या लिंबांकडे बघत उभा होतो. पिवळीधमक, नुकती पाणी मारलेली लिंबं. रोज त्या काचेखाली शाईचे डाग पडलेला कागद असायचा, त्यावर उघडी टोपणं, नळ्या, निबा. माझं रोजचं काम म्हणजे मंडईपर्यंत चालत यायचं, त्या काचेत डोकावायचं, अण्णाशी चार शब्द बोलायचे आणि सुनेनं सांगितलेली कोथिंबीर घेऊन घरी जायचं. त्यातलं मधलं एकदम कुणी काढून घेतल्यासारखं झालं.

अण्णा मागच्या बाजूला पोतडीचं तोंड बांधत बसला होता. मला बघून हसला, पण उठला नाही.

"अण्णा, ह्ये काय?"

"दिली टपरी. लिंबंवाल्या मावशीला. इंदापूरला चाललो लेकीकडं, रतनकडं. डोळं बी दिसंना झाल्यात."

"मला बोलला न्हाय."

"काय बोलू आबा? गिऱ्हाईक म्हणून तुमी एकटं उरलाय. पोरं रिफिलचं पेन घेत्यात, संपलं की गटारात. पुण्याचा माल बी यायचा बंद झालाय. निब मागितली तर दुकानदार माझ्या तोंडाकडं बघतो." मग त्यानं कमरेच्या चंचीतून कुंकवाची एक जुनी डबी काढली. आत कापूस होता आणि कापसात एक निब. "येवढी एक ठेवलीया. टोकाचा दाणा बघा. असली आता मिळायची न्हाय. कुणाला दिली न्हाय मी. तुमच्याकडं ढीगभर पेनं हायत, त्यातलं सगळ्यात आवडतं उद्या घेऊन या. जायच्या आदी बसवून देतो. मग तुमच्या हयातीत बघायला नको."

मी पैशांचं काही बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "गप बसा," आणि पोतडीची दुसरी गाठ मारायला लागला.

घरी येताना कोथिंबीर घ्यायची राहिली. कॉलनीतले रस्ते सरळ आहेत, घरंही एकसारखी, त्यामुळे विचार करत चाललं तरी पाय बरोबर दारात आणून सोडतात. अजित, माझा मुलगा, एमआयडीसीत कंपनीत जातो. सून प्रगती शाळेत शिकवते. दुपारी घर माझं एकट्याचं असतं. पंख्याचा आवाज, फ्रीजचा आवाज आणि मधूनच शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी. मी दार लावून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि घोंगडी अंथरून त्यावर पेनं मांडली. हिरवं, जाड, सोनेरी टोपणाचं. तपकिरी, अंगावर ढगासारख्या रेघा असलेलं, एका निवृत्त तलाठ्याच्या घरातून आलेलं. काळी तीन-चार. एक निळं, पारदर्शक, आत शाई हललेली दिसते. सगळी अण्णाच्या टपरीवरून घेतलेली, जुनी, दुसऱ्यांच्या खिशातली. कुणाची शाई गळते, कुणी कागद ओरखडतं, कुणी चार अक्षरं लिहून उपाशी माणसासारखं बसकण मारतं. आणि या सगळ्यांच्या मधोमध एक बारीक, मरून रंगाचं, टोपणाला पितळी कडं असलेलं. त्याची निब मधून चिरलेली आहे.

सगळ्यात आवडतं. अण्णा सहज बोलून गेला होता. तो शब्द माझ्या घरात कधी कुणी वापरलेला मला आठवत नाही. लहानपणी आमच्याकडे मेंढरं होती. दिवाळी सरली की कळप घेऊन घाट उतरायचा, पावसाच्या तोंडावर परत यायचं. वाटेत कुठंही व्यापारी गाठायचा. तो कळपात शिरायचा, मेंढरांच्या पाठी चाचपायचा, पण त्याचे डोळे मालकाकडे असायचे. मालक कुणाला हाक मारतो, कुणाच्या डोक्यावर हात फिरवतो, कुणाला पुढं घेऊन उभा राहतो, ते तो बघायचा आणि नेमकं तेच मागायचा. म्हणून आमच्या बापानं मला शिकवलं होतं, चांगल्या मेंढीकडे बघायचं नाही. हात तर लावायचाच नाही. एक काळ्या कानाची मेंढी होती, माझ्या हाकेला लांबून उत्तर द्यायची. व्यापारी आला की मी तिच्याकडे पाठ करून एका लंगड्या मेंढीचं डोकं कुरवाळत बसायचो. बाप लांबून बघायचा आणि मान डोलवायचा. काळ्या कानाची आमच्याकडेच म्हातारी झाली. लंगड्या मात्र किती गेल्या, ते मला सांगता येणार नाही.

मेंढरं सुटली, कालव्याचं पाणी आलं, लासुर्ण्याच्या शिवारात आम्ही ऊस आणि वांगी करायला लागलो, पण हात तसाच राहिला. बायकोशी चारचौघांत मी कधी बोललो नाही. आमच्यात कुणीच बोलत नसे, पण माझं जरा जास्तच होतं. लग्नात, जत्रेत ती बायकांच्या घोळक्यात कुठं आहे हे मला न बघता माहीत असायचं आणि माझी मान बरोबर उलट्या दिशेला असायची. तिला याचं वाईट वाटत नव्हतं. तिचा बापही मेंढरंवाला होता. ती म्हणायची, "आज सगळ्या जत्रंत तुमी एकदा बी माझ्याकडं बघितलं न्हाय. लुगडं चांगलं दिसत असंल म्हणायचं." आणि पदर तोंडात धरून हसायची.

साक्षरतेचे वर्ग आले तेव्हा आमची डोकी पांढरी झालेली. समाजमंदिरात संध्याकाळी कंदील लागायचे, वीज गेली तर म्हणून. बायका पुढं, पुरुष मागं. माझ्या बोटांना पेन्सिल म्हणजे काटकी वाटायची. जोर दिला की मोडायची, नाही दिला की उमटायची नाही. तिला मात्र पहिल्या दिवसापासून जमलं. तिची अक्षरं मोठी होती, वरच्या रेघेला लोंबकळणारी, दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांसारखी. शिकवणारी मुलगी एकदा ती पाटी उंच धरून म्हणाली, "आबा, बघा, कसं आहे अक्षर?" सगळे मागं वळून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "असंल." घरी जाताना ती नेहमीसारखी चार पावलं मागं चालत होती आणि अंधारात तिचं हसू ऐकू येत होतं. "असंल म्हणाला तुमी. म्हंजे लई झ्याक आलंय."

ते मरून पेन तिनं इंदापूरच्या बाजारात स्वतः निवडलं. मी बियाणं बघत होतो. पेन्सिल पोरासोरांची, असं तिचं म्हणणं. दुकानदारानं पुढं केलेली तिनं एकेक उघडून हातात धरून बघितली, वजन घेतल्यासारखी, आणि हे घेतलं. नंतर ती रोज लिहायची. काय, तर वाटेवरच्या पाट्या. येता-जाता बघितलेल्या पाट्या घरी येऊन कागदावर उतरवायची. पिठाची गिरणी. येथे सायकल उभी करू नये. खतांचे अधिकृत विक्रेते. लिहून झालं की मोठ्यानं वाचायची आणि मी ऐकत नसल्यासारखा दोरी वळत बसायचो. निबचा तो आवाज, ओल्या वाळूतून मुंगी चालावी तसा, माझ्या कानात अजून आहे. पुढं तिला ताप आला आणि दवाखान्यात नेली ती परत आली नाही. अजितनं मला बारामतीला आणलं. लासुर्ण्याच्या घरातलं सामान काढताना ते पेन फडताळातून टोकावर पडलं आणि निब चिरली. मी ते खिशात घातलं. कुणी बघितलं नाही.

बारामतीत आल्यावर मी पेनं जमवायला लागलो, तेव्हा प्रगतीला कौतुक वाटलं. आलेल्या-गेलेल्याला ती सांगते, "आमच्या आबांना छंद आहे." असेल. पण त्या दुपारी घोंगडीवर पेनं मांडून बसलो असताना मला दिसलं की मी एका पेनाभोवती कळप जमवला आहे. हिरवं उचललं, पुसलं, ठेवलं. तपकिरी उचललं. निळं उजेडात धरलं. मरूनला माझा हात वळसा घालून जात होता, पाण्यातल्या दगडाला पाणी जातं तसा. इतकी वर्षं अण्णाच्या टपरीवर रोज जाऊन ते मी त्याला एकदाही दाखवलं नव्हतं.

ठरलं होतं. उद्या ते न्यायचं. निब बदलली की ते लिहील. पुढं काय, ते मला माहीत नव्हतं. पण तो आवाज येईल.

दुसऱ्या दिवशी मी सगळा डबाच घेऊन गेलो. एकटं ते घेऊन जायला धीर झाला नाही, असं आता वाटतं. लिंबंवाल्या मावशीनं अण्णाला बसायला कोपरा दिला होता. तिथं दादासो बसला होता. आमच्याच बाजूचा, मार्केट यार्डात हमालांचा मुकादम होता, आता सगळ्या टपऱ्यांवर मुकादमी करतो. तोंडात पान.

"आलं बघा. आबा, कळप घिऊनच आला व्हय?"

"तू गप रं," अण्णा म्हणाला. "आबा, काढा. कंचं?"

मी डबा उघडला. दादासो वाकला. मावशी लिंबं मोजता मोजता वाकली. कोथिंबीर घ्यायला आलेली एक बाई पिशवी धरून थांबली.

"येवढी?" दादासो म्हणाला. "अण्णा, ह्यो जनानखाना हाय. सांगा आबा, पट्टराणी कंची? लाजताय काय नव्या नवरीवानी?"

सगळे हसले. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. माझा हात डब्यावर आला आणि मरूनवरून वळसा घालून हिरव्यावर जाऊन बसला. नुसता बसला नाही, त्यानं त्याला उचललं, त्याच्या टोपणावरून अंगठा फिरवला. मी ते बघत होतो. "ह्ये," मी म्हणालो.

"वाटलंच," दादासो म्हणाला. "सोन्याचं टोपण बघून भुलला म्हातारा."

अण्णानं चष्मा कपाळावर चढवला, हिरव्याची जुनी निब चिमट्यानं ओढली, नवी बसवली, शाई भरली आणि कागदावर श्री काढली. एका ओघात, कुठंही न अडखळता. "लोण्यावानी," तो म्हणाला आणि पेन माझ्या खिशाला स्वतःच्या हातानं लावलं. मी काही बोललो नाही. दुपारच्या गाडीनं तो गेला. एसटी स्टँडवर मी त्याची पोतडी वर चढवायला हात लावला तेव्हाही बोलता आलं असतं. डबा माझ्या काखेतच होता. गाडी हलली, त्यानं खिडकीतून हात केला, आणि मी उगीच दुसऱ्याच एका गाडीची पाटी वाचत उभा राहिलो.

हिरवं पेन उत्तम लिहितं. मी त्यानं माझं नाव लिहिलं, लासुर्णे लिहिलं, बारामती लिहिलं, मग काही सुचेना म्हणून पुन्हा माझं नाव लिहिलं. त्याचा काही आवाज येत नाही. दुपारी घर आणखी मोठं वाटायला लागलं. मंडईकडे जायचं मी सोडलं. प्रगतीनं विचारलं, "आबा, बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, बरं आहे. रात्री जेवताना अजित कंपनीतलं काही सांगत होता आणि मी मान हलवत होतो, पण मनात मी त्या कोपऱ्यातच होतो आणि माझा हात पुन्हा पुन्हा हिरव्यावर जाऊन बसत होता. बापाला बरं वाटलं असतं असा हात. अगदी बिनचूक. आणि मग, घास तोंडात असतानाच, मला ते कळलं. त्या दिवशी तिथं घ्यायला कुणी आलेलंच नव्हतं. अण्णा व्यापारी नव्हता. तो द्यायला आला होता. मी लंगडी मेंढी पुढं केली, ती त्यानं पोटभर चारली आणि निघून गेला.

सकाळी मी धोतर बदललं, टोपी घातली, हिरवं पेन खिशाला लावलं.

"कुठं निघालात?" प्रगतीनं विचारलं.

"इंदापूर."

"या उन्हात? कुणाचं काम आहे? हे जाऊन येतील की रविवारी."

"माझं हाय," मी म्हणालो. ते जरा जोरात बोलल्यासारखं झालं. तिनं पाण्याची बाटली भरून दिली.

गाडीत गर्दी नव्हती. भवानीनगर गेलं, सणसर गेलं. दोन्ही बाजूंना ऊस, पाटाच्या पाण्याचा गार वास मधूनच खिडकीतून यायचा. लासुर्णे आलं तेव्हा माझी मान सवयीनं पलीकडच्या खिडकीकडे वळली. पलीकडे एक बाई पोराला पाजत होती, तिनं पदर ओढला. मी मान परत फिरवली आणि बघितलं. समाजमंदिराला नवा रंग दिला होता. कुलूप असलेलं आमचं घर रस्त्यावरून दिसत नाही, पण त्याच्यामागची बाभळ दिसली. कंडक्टरनं दोनदा दोरी ओढली. गाडी सुटली तरी मी मागं वळून बघत होतो. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बघितल्यानं काही नेलंही नाही कुणी.

रतनचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. अण्णा नुसत्या बनियनमध्ये ओट्यावर बसला होता. टपरीशिवाय तो फार लहान दिसत होता. त्याच्या बोटांवरची शाई इतक्या दिवसांत फिकी झाली होती.

"आबा! वाट चुकला का काय?"

"अण्णा, त्या दिवशी मी भलतंच पेन दाखवलं."

"म्हंजे?"

मी धोतराच्या घडीतून मरून पेन काढलं आणि त्याच्या समोर धरलं. "ह्ये हाय ते."

त्यानं ते उजेडात फिरवून बघितलं. "ह्ये तर मी कधी बघितलंच न्हाय. येवढ्या वर्सांत तुमच्याकडं हुतं?"

"व्हय."

"मग दाखवलं का न्हाय?"

"आवडतं हाय म्हणून."

ताप चढलेल्या माणसाकडे बघावं तसं अण्णानं माझ्याकडे बघितलं. मग आत हाक मारून रतनकडून चष्मा मागवला. त्यानं चिरलेली निब काढली, आत फुंकर मारली, निब जिथं बसते ती मान चाचपली.

"आबा, खरं सांगतो. ह्याची मान बारीक हाय आणि लई वाळलीया. हिरव्यातली निब ह्याला रुंद पडती. गरम पाण्यात धरून मान फुगवायची, मग बसवायची. बसंल बी. तडकलं तर मात्र जाग्यावर जाईल. असंच ठेवलं तर निदान तुमच्यापाशी ऱ्हाईल तरी. बगा."

असंच ठेवलं तर. डब्यात, मधोमध, हात न लावता, माझी आणि त्याची म्हातारपणं सरेपर्यंत. मला ते अगदी स्पष्ट दिसलं, आणि मी गेल्यावर प्रगती डबा उघडून म्हणेल, एकापेक्षा एक आहेत, यातलं आबांना कुठलं आवडायचं कोण जाणे.

"करा," मी म्हणालो.

रतननं पातेल्यात पाणी तापवून आणलं. अण्णानं हिरव्यातली निब ओढून काढली, मरूनची मान पाण्यात धरली, काढली, पुन्हा धरली. वाफेला जुन्या शाईचा वास आला. त्यानं निब टोकावर ठेवली आणि अंगठ्यानं हळूहळू आत सारायला लागला. अर्धी गेली. अण्णा श्वास धरून होता, मीही. आणखी थोडी गेली. मग वाळलेली शेंग फुटावी तसा बारीक आवाज झाला.

अण्णानं डोळे वर केले नाहीत. पेनाच्या मानेपासून पार अंगापर्यंत चीर गेली होती. त्याच्या बोटांवर ताजी शाई सांडावी तसं पाणी उतरलं, निळसर, आतल्या वाळलेल्या शाईचं.

"म्यां सांगितलं हुतं," तो म्हणाला. "निब चांगली हाय. हिरव्यात परत बसवतो."

"ऱ्हाऊ द्या."

मी ते पेन हातात घेतलं. कोमट होतं. मला वाटलं होतं की आता काहीतरी कोसळेल, पण ओट्यावर तसंच ऊन होतं, गल्लीतून सायकली जात होत्या. माझी मूठ मिटत होती आणि उघडत होती, गल्लीतल्या सगळ्यांच्या समोर.

"कुणाचं हुतं?" अण्णानं विचारलं.

"मालकिणीचं."

"लिहायच्या व्हय वहिनी? कधी बोलला न्हाय तुमी. मला वाटायचं, तुमी लई वर्सांपासनं एकटंच." मग म्हणाला, "नाव काय हुतं?"

मी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्याला घेतलं असेल तेवढंच. घरात अगं म्हणायचो, बाहेर तेही नाही. दवाखान्यातल्या कागदावर लिहायला ते अजितनं सांगितलं. रतन दारात पातेलं घेऊन उभी होती. समोरच्या घरातली म्हातारी कान देऊन होती.

"बनाबाई," मी म्हणालो. आवाज चिरका आला, म्हणून पुन्हा म्हणालो.

"काय लिहायच्या?" रतननं विचारलं.

"लई कायबाय. अक्षर लई देखणं हुतं तिचं. आमच्या वर्गात तसं कुणाचं नव्हतं. अख्ख्या लासुर्ण्यात नव्हतं."

रतन पातेलं खाली ठेवून उंबऱ्यावर टेकली. अण्णानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. स्टँडवर बारामतीची गाडी लागल्याचं भोंग्यावरून ओरडत होते. मी उठलो नाही.

"सांगा की," रतन म्हणाली.